सपोर्ट तिकिटाला ग्राहकाने दिलेले उत्तर नव्याच तिकिटात का जाते? मेल प्रोग्राम विषयाचे नेमके काय करतात?

हेल्पडेस्क_नाशिक

नमस्कार. आम्ही पतसंस्था आणि लहान कारखान्यांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार करतो आणि ग्राहकांच्या तक्रारी मेलवर घेतो. सपोर्टच्या पत्त्यावर मेल आला की आमची तिकीट प्रणाली त्याला क्रमांक देते, मूळ विषयाच्या आधी ‘[#१०४५३]’ असा तो क्रमांक चौकटी कंसात जोडते आणि ग्राहकाला पोच पाठवते. पोचेला किंवा आमच्या पुढच्या कोणत्याही मेलला ग्राहकाने उत्तर दिले की ते त्याच तिकिटात जमा व्हावे, एवढीच अपेक्षा आहे. प्रणालीचा नियम साधा आहे: विषयाची सुरुवात ‘आरई:’ ने होत असेल तर तो मेल उत्तर समजायचा, आणि विषयात ‘#’ या चिन्हानंतर येणारे आकडे तिकिटाचा क्रमांक मानायचे.

ग्राहक वाढले तसा हा नियम जागोजागी फसू लागला आहे. चाकणच्या एका कारखान्याचे लोक आमच्या मेलला उत्तर देतात तेव्हा विषयाच्या सुरुवातीला ‘एडब्ल्यू:’ येते. आमची प्रणाली ते नवीन तिकीट समजते, त्याला नवा क्रमांक देते आणि दुसरी पोच पाठवते. त्या पोचेलाही उत्तर आले की तिसरे तिकीट उघडते आणि विषयात कंसांची रांग लागते. एका पतसंस्थेच्या क्लार्कने तर ‘आरई: बिल #४४७१ बाबत’ असा विषय स्वतःच्या हाताने लिहिला. तो मेल ४४७१ क्रमांकाच्या, भलत्याच संस्थेच्या, दोन वर्षे जुन्या तिकिटात जमा झाला आणि त्याची प्रत त्या संस्थेच्या सचिवांना गेली. ही गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते, कारण त्या मेलमध्ये सभासदांच्या ठेवींचे आकडे होते.

याखेरीज मराठीत लिहिलेल्या विषयांचे काही मेल असे येतात की डोळ्यांना क्रमांक स्पष्ट दिसतो, पण प्रणालीला तो सापडत नाही, आणि मध्येच एखाद्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्हाचा चौकोन उमटतो. काही ग्राहकांना वेगळीच सवय आहे: नवीन अडचण आली की आमच्याकडून आलेला कोणताही जुना मेल उघडायचा आणि त्यालाच रिप्लाय करायचा. त्यामुळे दिवाळीत बंद केलेले ‘पासवर्ड विसरलो’ हे तिकीट मार्चअखेरीस पुन्हा उघडते आणि आत मात्र ऑडिट रिपोर्टची तक्रार असते.

उत्तर देताना विषयाचे काय करावे याचा मेल प्रोग्रामांसाठी काही ठरलेला नियम आहे का? क्रमांक विषयाच्या सुरुवातीला ठेवावा की शेवटी? आणि ‘कृपया विषय बदलू नये’ अशी ठळक सूचना प्रत्येक मेलच्या तळाशी टाकण्याने काही साधते का?

जुना_मेलॲडमिन

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सोपे आहे: त्या सूचनेने काहीही साधत नाही. जो विषय बदलतो तो तळाची सूचना वाचत नाही, आणि जो वाचतो तो मुळात विषय बदलत नाही.

नियम आहे, पण तो सक्तीचा नाही. ईमेलच्या रचनेचे प्रमाण आज आरएफसी ५३२२ या २००८ च्या दस्तऐवजात आहे (इंटरनेटची प्रमाणे ‘आरएफसी’ नावाच्या क्रमांकित दस्तऐवजांत प्रसिद्ध होतात). त्याच्या आधी २००१ चा आरएफसी २८२२ होता आणि त्याच्याही आधी १९८२ चा आरएफसी ८२२. आजच्या प्रमाणात म्हटले आहे ते असे की उत्तराचा विषय ‘आरई:’ आणि त्यापुढे मूळ विषय असा असू शकतो, आणि तसे करायचे असेल तर ‘आरई:’ एकदाच लिहिलेले बरे, अन्यथा अनिष्ट परिणाम होऊ शकतात. ‘असू शकतो’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. एखाद्या प्रोग्रामने काहीच जोडले नाही, किंवा वापरणाऱ्याने विषय पूर्ण खोडून ‘अर्जंट’ एवढेच लिहिले, तरी तो मेल प्रमाणानुसार उत्तरच राहतो. म्हणजे तुमच्या प्रणालीचा पहिला नियम, ‘आरई:’ असेल तरच उत्तर, हा प्रमाणात कुठेही दिलेला नाही.

मेल हा कशाचे उत्तर आहे हे सांगण्याची खरी सोय तीन हेडरांत, म्हणजे मजकुराच्या आधी येणाऱ्या माहितीच्या ओळींत, आहे. प्रत्येक मेलला ‘मेसेज-आयडी’ नावाची, जगात एकमेव असणारी खूण असते. उत्तर लिहिताना मेल प्रोग्राम ती खूण ‘इन-रिप्लाय-टू’ या हेडरमध्ये उतरवतो. आणि ‘रेफरन्सेस’ या हेडरमध्ये आधीच्या मेलची सगळी साखळी आणि तिच्या शेवटी ज्याला उत्तर देतो आहोत त्याची खूण असे लिहितो. हे सगळे पडद्यामागे घडते. ग्राहकाला ते दिसत नाही, त्यामुळे तो ते बिघडवूही शकत नाही. चाकणहून आलेला एखादा मेल उघडून त्याचे मूळ रूप पाहा; जीमेलमध्ये त्यासाठी ‘शो ओरिजिनल’ आहे, आउटलुकमध्ये ‘प्रॉपर्टीज’मध्ये इंटरनेट हेडर दिसतात. माझा अंदाज आहे की विषयात ‘एडब्ल्यू:’ असो वा नसो, इन-रिप्लाय-टू तिथे नीट भरलेले असेल.

तेव्हा क्रम उलटा करावा. आधी इन-रिप्लाय-टू आणि रेफरन्सेस तपासावेत; त्यात आपण पाठवलेल्या एखाद्या मेलची खूण सापडली तर विषयाकडे पाहूसुद्धा नये. तसे काहीच सापडले नाही तरच विषयातला क्रमांक शोधावा. मेल प्रोग्राम आपल्या सोयीसाठी पत्रव्यवहाराचे गट पाडतात तेव्हा त्यातले बरेच हेडरांवरच भर देतात. थंडरबर्डमध्ये तर केवळ हेडर पाहायचे की विषयावरूनही जोडायचे हे ठरवणारी सेटिंगच आहे. जीमेल मात्र दोन्ही पाहते: हेडर जुळले तरी विषय बदलला की ते नवीन संभाषण सुरू करते, आणि शंभराहून अधिक मेल झाले की संभाषण आपोआप तोडते. ब्राउझरमधल्या जीमेलमध्ये उत्तर लिहिताना विषयाची चौकट समोर येतच नाही. विषय बदलायचा तर प्राप्तकर्त्याच्या नावाशेजारचा बाण दाबून ‘विषय संपादित करा’ निवडावे लागते. त्यामुळे जीमेल वापरणारे ग्राहक सहसा विषय बदलत नाहीत, आणि नवीन तक्रार असली तरी बदलत नाहीत. तुमचे मार्चअखेरीस उघडणारे तिकीट बहुधा त्यातूनच येत असावे.

चाकण_लाइन

‘एडब्ल्यू:’ बद्दल थोडे सांगतो, कारण आमच्या पट्ट्यात ते रोजचेच आहे. जर्मन भाषेत बसवलेले आउटलुक उत्तराला ‘एडब्ल्यू:’ आणि फॉरवर्डला ‘डब्ल्यूजी:’ जोडते. स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियन आउटलुक ‘एसव्ही:’ लावते, फिनिश ‘व्हीएस:’, इटालियन नुसते ‘आर:’, पोलिश ‘ओडीपी:’, ब्राझीलकडचे ‘आरईएस:’. फॉरवर्डसाठी फ्रेंच ‘टीआर:’ आणि स्पॅनिश ‘आरव्ही:’ येते. चिनी आवृत्तीत तर चिनी अक्षरेच असतात. ‘द बॅट’ नावाचा एक जुना प्रोग्राम उत्तरे मोजून ‘आरई[२]:’ असे लिहीत असे. तेही अधूनमधून भेटते. कारखान्यात संगणक पुण्याचा असला तरी जर्मनीतल्या मुख्यालयाने पाठवलेला व्यवस्थापक आपले आउटलुक आपल्या भाषेत ठेवतो, आणि सगळी मंजुरी त्याच्याच मेलवरून येते.

नेहमीच्या आउटलुकमध्ये यावर उपाय आहे. ‘फाइल’, त्यात ‘ऑप्शन्स’, त्यात ‘अॅडव्हान्स्ड’ या पानावर आंतरराष्ट्रीय पर्यायांखाली उत्तर आणि फॉरवर्डच्या शीर्षकांसाठी इंग्रजी वापरण्याची टिक आहे. ती केली की जर्मन आउटलुकही ‘आरई:’ लिहू लागते. तरीही ग्राहकाला ही टिक करायला सांगणे मला पटत नाही. पैसे तो देणार, तक्रारही त्याचीच, आणि वर आपल्या प्रणालीच्या सोयीसाठी त्यानेच आपली सेटिंग बदलायची, हा उफराटा न्याय झाला.

एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीत विषयाचे दोन भाग मानले जातात, उपसर्ग आणि उरलेला ‘सामान्य’ विषय. प्रोग्रामने उपसर्ग वेगळा सांगितला नसेल तर तो असा ओळखला जातो: सुरुवातीला आकडे नसलेली एक ते तीन अक्षरे, मग विसर्गचिन्हासारखा कोलन आणि मग मोकळी जागा. भाषा कोणतीही असो, त्या मापात बसणारे सगळे उपसर्ग त्यामुळे एकाच नियमाने पकडले जातात, हा त्यातला शहाणपणा. पण आपल्याकडे विषय लिहिण्याची रीत काय आहे? ‘जीएसटी: रिटर्न भरताना चूक दाखवतो’, ‘एएमसी: नूतनीकरण’. रोमन लिपीत लिहिले तर दोन्ही संक्षेप बरोबर तीन अक्षरांचे आहेत. अशा विषयाला आउटलुकमधून उत्तर दिले की ‘जीएसटी:’ जाऊन तिथे ‘आरई:’ येऊ शकते. म्हणून तिकिटाची खूण कधीही कोलन लावून लिहू नये. चौकटी कंस वापरता आहात ते योग्यच आहे.

उपसर्गांची यादी प्रणालीत भरण्याचा मोह होईल. तो मार्ग काही लोकांनी घेतलेला आहे. मट या टर्मिनलवरच्या मेल प्रोग्रामच्या मूळ नियमातच ‘आरई’ सोबत ‘एडब्ल्यू’ असते. मात्र तिथे तो नियम यादी नीट दिसावी म्हणून आहे, कुणाचा मेल कुणाच्या तिकिटात जाणार हे त्यावर ठरत नाही. उपसर्ग ओळखणे हे विषय स्वच्छ करण्यापुरते ठेवावे, म्हणजे ‘एडब्ल्यू: आरई: एडब्ल्यू:’ अशी माळ तुमच्या पडद्यावर दिसणार नाही.

हेल्पडेस्क_नाशिक

दोघांचेही आभार. चाकणच्या मेलची मूळ रूपे काढून पाहिली. इन-रिप्लाय-टू खरोखरच भरलेले आहे, पण त्यातली खूण आमच्या डेटाबेसमध्ये नाही. आमची प्रणाली ज्या खुणा तयार करते त्यात ‘@’ नंतर आमचे डोमेन असते. या खुणांमध्ये मात्र आम्ही मेल पाठवण्यासाठी जी क्लाउड सेवा वापरतो तिचे डोमेन आहे. म्हणजे वाटेत कुणीतरी खूण बदलतो असे समजावे का?

जुना_मेलॲडमिन

होय, तसेच समजावे, आणि यात लपवाछपवी काही नसते. मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्या काही सेवा तुम्ही दिलेली मेसेज-आयडी बाजूला ठेवून स्वतःची लावतात. ॲमेझॉनच्या एसईएस सेवेच्या दस्तऐवजात हे स्पष्टच लिहिले आहे. ग्राहकाचा मेल प्रोग्राम जी खूण त्याच्यापर्यंत पोहोचली तीच उत्तरात उतरवणार. तुमच्या डेटाबेसमधली खूण त्याने कधी पाहिलेलीच नसते. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार!

दोन उपाय आहेत आणि दोन्ही एकदम करावेत. पहिला असा की मेल स्वीकारताना अशी सेवा जी खूण उत्तरादाखल परत देते ती नोंदवून ठेवायची. ती पुष्कळदा डोमेनशिवाय नुसती परत येते, त्यामुळे जुळवताना ‘@’ च्या आधीचाच भाग तपासावा. दुसरा उपाय मला अधिक आवडतो. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलच्या रेफरन्सेस हेडरमध्ये तिकिटासाठी तयार केलेली एक कायमची खूण घालावी, उदाहरणार्थ तिकिटाचा क्रमांक आणि सोबत अंदाज करता येणार नाही अशी लांब अक्षरमाला, आणि शेवटी आपले डोमेन. उत्तर देणारा प्रोग्राम मूळ मेलचे रेफरन्सेस पुढे नेतो आणि त्याच्या शेवटी नवी खूण जोडतो, असाच नियम आहे. त्यामुळे वाटेत मेसेज-आयडी बदलली तरी तुमची खूण साखळीत टिकून राहते आणि ग्राहकाच्या उत्तरातून तुमच्याकडे परत येते.

क्रमांक सुरुवातीला की शेवटी, हा प्रश्न राहिला होता. आरटी म्हणजे रिक्वेस्ट ट्रॅकर ही १९९६ पासून चालत आलेली तिकीट प्रणाली तो सुरुवातीला लिहिते. ओटीआरएस या दुसऱ्या तिकीट प्रणालीत डावीकडे, उजवीकडे किंवा कुठेच नाही अशा तिन्ही सोयी आहेत, आणि ‘कुठेच नाही’ निवडल्यास रेफरन्सेसमधला शोध चालू आहे याची खात्री करा असा इशाराही तिथे दिलेला आहे. यंत्राच्या दृष्टीने डावे-उजवे सारखेच. एक बारकावा मात्र आहे. सर्व्हरवर मेलचे गट पाडण्यासाठी २००८ चा आरएफसी ५२५६ आहे. विषयांची तुलना करण्यापूर्वी सुरुवातीचे ‘आरई’, ‘एफडब्ल्यू’, ‘एफडब्ल्यूडी’ हे उपसर्ग आणि सुरुवातीच्याच चौकटी कंसातला मजकूर काढून टाकावा, असे त्यात सांगितले आहे. शेवटचा कंस मात्र तो काढत नाही. याचा परिणाम असा की ‘[#१०४५३] लॉगिन होत नाही’ आणि ‘[#१०९८८] लॉगिन होत नाही’ ही दोन वेगळी तिकिटे, केवळ विषयावरून गट पाडणाऱ्या पद्धतीत, ग्राहकाच्या पेटीत एकाखाली एक एकत्र दिसू शकतात; क्रमांक शेवटी असेल तर वेगळी राहतात. उलट बाजूने, पोचेत क्रमांक सुरुवातीला जोडला तर ग्राहकाचा मूळ मेल आणि तुमची पोच या पद्धतीत एकत्र राहतात, शेवटी जोडला तर तुटतात. मी स्वतः सुरुवातीलाच ठेवीन, कारण फोनच्या छोट्या पडद्यावर विषयाची शेपटी कापली जाते.

अनुस्वार

मराठी विषयांबद्दल कुणी लिहिले नाही म्हणून लिहितो.

मेलच्या हेडरात मुळात फक्त आस्की अक्षरांना, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरांना, आकड्यांना आणि चिन्हांना, जागा होती. देवनागरीसारखी लिपी विषयात घालण्यासाठी १९९६ च्या आरएफसी २०४७ ने एक युक्ती दिली: अक्षरांचे बाइट बेस-६४ पद्धतीने रोमन अक्षरांत लिहायचे, आधी अक्षरसंचाचे नाव, मागे-पुढे ‘=?’ आणि ‘?=’ अशा खुणा. अशा एका तुकड्याची लांबी जास्तीत जास्त ७५ अक्षरे असू शकते. यूटीएफ-८ या अक्षरसंचाचे नाव आणि खुणा यांत १२ अक्षरे जातात, उरतात ६३. बेस-६४ चे गट चारचार अक्षरांचे असल्याने त्यातली ६० वापरता येतात आणि त्यांत ४५ बाइट बसतात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. म्हणजे एका तुकड्यात देवनागरीची पंधरा चिन्हे, बस्स.

‘बिल प्रिंट होत नाही’ हा विषय घ्या. दिसायला चार शब्द आहेत, पण त्यात देवनागरीची १६ चिन्हे आणि तीन मोकळ्या जागा आहेत, म्हणजे ५१ बाइट. ते एका तुकड्यात मावत नाहीत. पहिल्या ४५ बाइटांत बरोबर ‘बिल प्रिंट होत ना’ बसते आणि ‘ही’ दुसऱ्या तुकड्यात जाते. एखाद्या प्रोग्रामने दुसरा तुकडा गमावला तर ग्राहक ‘बिल प्रिंट होत ना?’ असे विचारतो आहे असे वाटावे! आता याच विषयाच्या आधी ‘आरई:’ आणि एक मोकळी जागा आली आणि प्रोग्रामने तेही चार बाइट त्याच तुकड्यात घातले, तर ४५ वा बाइट ‘न’ च्या मधोमध येतो. अक्षर मधून तोडू नये, प्रत्येक तुकड्यात पूर्ण अक्षरेच असावीत, असे प्रमाणात स्पष्ट लिहिले आहे. नीट लिहिलेला प्रोग्राम दोन बाइट आधीच थांबतो. पण बेफिकीर प्रोग्राम आंधळेपणाने ४५ वर कापतात. मग तुकडे वेगवेगळे उलगडणाऱ्या बाजूला ‘न’ च्या जागी तुम्ही म्हणता तो प्रश्नचिन्हाचा चौकोन उमटतो. पुढच्या उत्तरात तो चौकोनच विषयाचा भाग बनून पक्का होतो. मागे फिरता येत नाही. उलगडताना लागोपाठच्या तुकड्यांचे बाइट आधी जोडून मग त्यांचे अक्षरांत रूपांतर केले तर असे तुटलेले विषयही बहुतेक वेळा दुरुस्त होतात, म्हणून तुमच्या प्रणालीत तरी तसे करावे.

क्रमांक दिसतो पण सापडत नाही, याचेही कारण इथेच असावे. काही प्रोग्राम देवनागरी भाग तेवढा बदलून ‘[#१०४५३]’ हा रोमन आकड्यांचा भाग जसाच्या तसा ठेवतात. काही प्रोग्राम सगळा विषय, कंसासकट, बेस-६४ मध्ये टाकतात. तुमची प्रणाली हेडर उलगडण्याआधीच त्यात ‘#’ शोधत असेल तर पहिल्या प्रकारात सापडेल, दुसऱ्यात नाही. शोध नेहमी उलगडलेल्या विषयात घ्यावा.

आणखी एक शक्यता तपासून पाहा. मराठी कीबोर्डवरून हाताने क्रमांक लिहिणारा ग्राहक देवनागरी आकडे लिहितो. पायथन ३ या प्रोग्रामिंगच्या भाषेत बॅकस्लॅश-डी, म्हणजे ‘कोणताही आकडा’, हा शोधाचा नियम अक्षरमालेवर चालवला तर तो देवनागरी आकडेही पकडतो, आणि त्यांची संख्याही बिनबोभाट होते. जावास्क्रिप्टमध्ये मात्र तोच नियम फक्त रोमन आकडे ओळखतो, आणि शून्य ते नऊ असे कंसात लिहिलेला नियम तर कोणत्याच भाषेत देवनागरी आकडे ओळखणार नाही. शोधण्यापूर्वी आकडे एकाच रूपात आणावेत.

टपालपेटी

एवढा सगळा खटाटोप वाचून मला एकच विचारायचे आहे: विषयातून यंत्राने काही वाचायचेच कशाला? विषय माणसाने माणसासाठी लिहिलेला असतो. तिकिटाची ओळख पत्त्यात घाला. डेबियन या ऑपरेटिंग सिस्टीमच्या बग (दोष) नोंदवहीत कित्येक वर्षे हेच चालू आहे: प्रत्येक बगला त्याच्या क्रमांकाचा स्वतंत्र पत्ता असतो, त्या पत्त्यावर मेल टाकला की तो त्या नोंदीत जातो, आणि क्रमांकाला ‘-डन’ जोडलेल्या पत्त्यावर टाकला की बग बंद होतो. विषयात काय लिहिले याने काही अडत नाही. गिटहब या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळाच्या सूचनांना उत्तर देतानाही ‘रिप्लाय’ या शब्दाला अधिकचे चिन्ह आणि लांबलचक टोकन, म्हणजे ओळखीची अक्षरमाला, जोडलेला पत्ता असतो. तुम्हीही उत्तर कोणत्या पत्त्यावर जावे हे सांगणाऱ्या ‘रिप्लाय-टू’ हेडरमध्ये सपोर्टच्या पत्त्याला अधिकचे चिन्ह लावून तिकिटाचे टोकन घाला. बहुतेक मेल सर्व्हर असे पत्ते स्वीकारतात, आणि ग्राहकाने विषय बदलला, खोडला किंवा मोडी लिपीत लिहिला तरी मेल जागेवर पोहोचेल.

चाकण_लाइन

पत्त्यातले टोकन उत्तम, पण विषयातला क्रमांक काढून टाकू नये. ग्राहक फोन करतो तेव्हा ‘१०४५३ चे काय झाले?’ असे विचारतो, टोकन वाचून दाखवत नाही. साहेब बदलले की नवे साहेब जुन्या मेलला उत्तर देत नाहीत. ते कोरा मेल उघडतात, पत्त्यांच्या यादीतून सपोर्टचा साधा पत्ता निवडतात आणि विषयात क्रमांक लिहितात. त्या मेलला ना इन-रिप्लाय-टू असते ना टोकन. तिथे विषयावाचून दुसरा आधार नाही.

फक्त त्या आधारावर किती भिस्त ठेवायची हे ठरवावे लागते. ‘बिल #४४७१’ चा प्रकार सैल नियमामुळे घडला आहे. ‘#’ आणि आकडे हे हिशेबाच्या पत्रव्यवहारात पानोपानी येतात. आरटीमध्ये म्हणूनच कंसात आधी संस्थेचे नाव आणि मग क्रमांक येतो; समोरच्याकडेही आरटी असली तरी त्याचा क्रमांक आपला वाटत नाही. तुमच्या ग्राहकांपैकी ज्यांची स्वतःची तिकीट प्रणाली आहे त्यांच्याबाबत हे फार उपयोगी पडेल. ओटीआरएसमध्ये तारीख, अनुक्रम आणि शेवटी तपासअंक (आधीच्या आकड्यांवरून काढलेला पडताळणीचा अंक) अशा रचनेचा क्रमांक देता येतो, त्यामुळे सहज लिहिलेली संख्या तिकिटाचा क्रमांक ठरण्याची शक्यता फार कमी राहते. याशिवाय एक नियम अढळ ठेवावा: केवळ विषयावरून तिकीट जुळले असेल तर पाठवणाऱ्याचा पत्ता त्या तिकिटाशी आधीपासून जोडलेला आहे का ते पाहावे. नसेल तर मेल तिकिटात टाकू नये, कुणालाही प्रत पाठवू नये, सपोर्टच्या माणसासमोर ठेवावा. नव्या साहेबांचा मेल त्यामुळे अर्धा तास उशिरा जोडला जाईल, ते चालेल; एका संस्थेच्या ठेवी दुसऱ्या संस्थेच्या सचिवांना कळणे चालणार नाही.

जुन्या तिकिटाला नवी तक्रार, यावर मात्र हेडर, टोकन, विषय काहीच कामाचे नाही, कारण तिन्ही प्रामाणिकपणे जुन्याच तिकिटाकडे बोट दाखवतात. तिथे मुदत ठरवावी. बंद होऊन ठरावीक दिवस उलटलेल्या तिकिटाला उत्तर आले की नवीन तिकीट उघडावे, त्यात जुन्याचा दुवा ठेवावा, आणि पुढच्या मेलच्या रेफरन्सेसमध्ये व पत्त्यात नव्या तिकिटाची खूण घालावी. मुदत किती हे धंद्यावर अवलंबून आहे. तुमच्याकडे तिमाही रिटर्नचे चक्र असेल तर एक महिन्याहून अधिक ठेवण्यात अर्थ नाही असे मला वाटते.

हेल्पडेस्क_नाशिक

कंसात संस्थेचे संक्षिप्त नाव, पत्त्यात टोकन, रेफरन्सेसमध्ये कायमची खूण आणि विषयावरून जुळलेल्या मेलसाठी पत्त्याची तपासणी, असे करायला घेतो. मराठी विषयांबाबत अनुस्वार यांचा तर्क अचूक निघाला. आमचा शोध उलगडण्याआधीच्या हेडरावर चालत होता. एक शंका उरते. नवीन पद्धतीत ‘आरई:’ ची अट काढली की ग्राहकाच्या रजेवरची स्वयंचलित उत्तरेही उत्तर म्हणून तिकिटात येतील आणि बंद तिकिटे उघडतील. ती विषयावरून ओळखावीत का? आउटलुकची तशी उत्तरे ‘ऑटोमॅटिक रिप्लाय:’ ने सुरू होतात.

जुना_मेलॲडमिन

विषयावरून नको, तो शब्दही भाषेनुसार बदलतो, म्हणजे पुन्हा ‘एडब्ल्यू:’ चाच खेळ. २००४ च्या आरएफसी ३८३४ ने यासाठी ‘ऑटो-सबमिटेड’ हे हेडर ठरवले आहे. त्यात ‘नो’ सोडून काहीही लिहिलेले असेल, तर तो मेल यंत्राने पाठवला आहे असे समजून तिकिटात केवळ टिपण म्हणून जोडावा. तिकीट उघडू नये आणि पोच तर मुळीच पाठवू नये. तुमच्या स्वतःच्या पोचेवरही ‘ऑटो-सबमिटेड’ मध्ये ‘ऑटो-रिप्लाइड’ लिहावे, आणि समोर मायक्रोसॉफ्टचा एक्सचेंज मेल सर्व्हर असेल तर ‘एक्स-ऑटो-रिस्पॉन्स-सप्रेस’ हे हेडरही घालावे, म्हणजे त्यांची रजेची उत्तरे तुमच्या पोचेला येणारच नाहीत. एवढे करूनही काही जुने सर्व्हर कोणतेच हेडर लावत नाहीत. त्यांच्यासाठी एका पत्त्यावर एका तासात किती पोचा जाऊ शकतात याला मर्यादा घालावी. दोन यंत्रे रात्रभर एकमेकांना पोच देत बसण्याचा प्रकार त्या मर्यादेनेच थांबतो.